हिरवळ कापण्याच्या यंत्राची शर्यत : वेग कोठून आणावा?

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असे कार्यवाहांचे पत्र आले तेव्हा मला वाटले, वसतिगृहाच्या जुन्या आठवणी हव्या असतील. परंतु पत्राच्या शेवटी एक ओळ होती, ‘मुलांच्या त्या गाडीविषयी लिहावे, म्हणजे सभासदांच्या मनातील शंका फिटतील.’ तेव्हा आठवणी पुढच्या खेपेस. या वेळी गाडीविषयीच लिहितो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगावी लागेल. आपल्या वसतिगृहातील तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांनी आपसात वर्गणी काढून हैदराबादच्या मोडीच्या बाजारातून एक यंत्र आणले. हे हिरवळ कापायचे यंत्र, ज्याला इंग्रजीत लॉन मोअर म्हणतात. त्यातही हे ढकलायचे नव्हे, वर बसून चालवायचे. मोठमोठ्या बागांतून असली यंत्रे असतात. खाली पाते फिरते, वर माळी बसतो, आणि ते बैलाच्या चालीने हिरवळीवरून फिरते. मुलांना त्याची शर्यतीची गाडी करायची आहे. उदगीरच्या त्यांच्या सोबत्यांनीही तसेच एक यंत्र जमवले आहे, आणि महोत्सवाच्या दिवशी आपल्या मैदानावर दोन्हींची शर्यत लावण्याची परवानगी मुलांनी विश्वस्तांकडे मागितली आहे. यावर मतभेद झाले. एका सभासद भगिनीने लिहिले, ‘आम्ही मुलांना शिकण्यासाठी पाठवले आहे, उलटून पडण्यासाठी नव्हे.’ उलट काही तरुण सभासदांनी, ज्या गावाच्या डोक्यावरून हवाई दलाची विमाने रोज घिरट्या घालतात त्या बीदरमध्ये गवत कापायच्या यंत्राची कसली भीती, असे विचारले. माझी नोकरी कर्मशाळेत शिकविण्यात गेली, म्हणून निवाड्याचे काम माझ्याकडे आले. निवाडा विश्वस्त करतील. मी फक्त यंत्र समजावून सांगतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की असली शर्यत हे आपल्या मुलांच्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. इंग्लंडात वेस्ट ससेक्स परगण्यात विझबरो ग्रीन नावाचे खेडे आहे. तेथील ‘क्रिकेटर्स आर्म्स’ या गुत्त्यात १९७३ साली काही मंडळी बसली होती. त्यांना मोटारींच्या शर्यतीचा शौक होता, परंतु त्या शर्यती पैसेवाल्यांच्या झाल्या होत्या. जिम गॅव्हिन हे त्यांतले प्रमुख. ज्याच्या घरी पुढेमागे हिरवळ आहे त्याच्याकडे एक इंजिन लावलेले यंत्र असतेच, मग त्याचीच शर्यत का लावू नये, असा विचार निघाला आणि त्यातून ब्रिटिश लॉन मोअर रेसिंग असोसिएशन उभी राहिली. रोख बक्षिसे नाहीत, जाहिरातदारांचा पैसा नाही, आणि जी शिल्लक उरेल ती धर्मादाय कामाला, हा त्यांचा परिपाठ. आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेच्या वाचकांस ही गोष्ट रुचावी. रात्रभर चालणारी त्यांची बारा तासांची शर्यत प्रसिद्ध आहे. स्टर्लिंग मॉस यांच्यासारखा जगप्रसिद्ध मोटारपटू त्या शर्यतीत उतरला आणि जिंकलाही. पुढे अमेरिकेतही १९९२ मध्ये अशी संघटना निघाली. दोन्ही देशांत पहिला नियम एकच आहे : शर्यतीपूर्वी पाते काढून टाकायचे. पाते असलेले यंत्र मैदानावर येऊच शकत नाही. आपल्या मुलांनीही यंत्र आणल्याच्या दिवशी पाते उतरवून कोठीत ठेवले आणि किल्ली अधीक्षकांकडे दिली, हे मला आवडले.

आता मूळ प्रश्न. माळ्याच्या हाती हे यंत्र ताशी ९ किलोमीटरच्या वर जात नाही. शर्यतीत तेच ताशी पन्नास-साठ, इंग्लंडात तर ऐंशीपर्यंत पळवतात. हा वेग येतो कोठून?

यंत्र आपण पाहू. मुलांनी आणलेल्या यंत्रावर एका सिलिंडरचे, १० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. ते मिनिटाला जास्तीत जास्त ३,६०० फेरे घेते. त्याचा शाफ्ट उभा आहे, म्हणजे जमिनीकडे तोंड करून, कारण पाते त्याच बाजूला असते. शाफ्टवर ३ इंची पुली आहे. तिच्यावरून व्ही-पट्टा मागे गिअरपेटीच्या ६ इंची पुलीवर जातो. म्हणजे येथेच फेरे निम्मे झाले. पुढे गिअरपेटीत, सर्वांत वेगाच्या गिअरमध्येसुद्धा, १७ फेऱ्यांचा एक फेरा होतो. दोन गुणिले सतरा, चौतीस. इंजिनाने ३४ वेळा फिरावे तेव्हा मागचे चाक एकदा फिरते. चाकाचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात ते सुमारे १.४१ मीटर जमीन काटते. ३,६०० ला ३४ ने भागले तर १०६ येतात. १०६ फेरे मिनिटाला, म्हणजे १५० मीटर मिनिटाला, म्हणजे तासाला ९ किलोमीटर. हिशेब बरोबर जुळला.

हा हिशेब मी मुलांना फळ्यावर करायला लावला आणि मग विचारले, इंजिनाला हात न लावता वेग वाढवा पाहू. एकजण लगेच म्हणाला, ‘सर, पुल्या अदलाबदल करू.’ उत्तर बरोबर होते. इंजिनावर ६ इंची आणि गिअरपेटीवर ३ इंची पुली बसविली की फेरे निम्मे होण्याऐवजी दुप्पट होतात. ३४ च्या जागी साडेआठ आले. वेग चौपट, ताशी ३६ किलोमीटर! एक पैशाचेही नवे इंजिन लागले नाही. परदेशात जे लोक हा छंद करतात त्यांचीही पहिली युक्ती हीच आहे.

परंतु यंत्रशास्त्रात फुकट काही मिळत नाही, आणि याची आपल्या शेतकरी वाचकांना अधिक चांगली जाण आहे. ट्रॅक्टर चिखलात रुतला की आपण खालच्या गिअरला आणतो. चाक हळू फिरते पण ओढ वाढते. येथे उलट झाले. पहिल्या मांडणीत, घर्षणात जाईल ते सोडले तर, मागच्या चाकांना जमिनीवर सुमारे ३०० किलोची ओढ मिळत होती. पुल्या बदलल्यावर ती पाऊणशे किलोवर आली. यंत्र आणि बसणारा मिळून अडीचशे किलो वजन होते. सपाट, कडक जमिनीवर पाऊणशे किलोची ओढ त्याला हलवील, परंतु आपल्या मैदानाची लाल माती पावसानंतर कशी होते हे सर्वांस माहीत आहे. तेथे गाडी जागची हलायच्या आधी पट्टा घसरेल आणि रबर जळाल्याचा वास येईल. या यंत्रात वेगळा क्लच नसतो. पायाच्या पट्टीने ताण-चाक मागे सरकते आणि पट्टा सैल पडतो, तोच क्लच. म्हणून पट्ट्यावर ताण किती आणि पुलीच्या खाचेत तो किती खोल बसतो, यावर सगळी शर्यत अवलंबून असते. आमच्या एका उस्तादांचे म्हणणे असे की, पट्टा नवा घ्यावा आणि ताण-चाकाची बेअरिंग त्याहून नवी घ्यावी. मी त्यांच्याशी सहमत आहे.

दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. ६ इंची पुली मिनिटाला ३,६०० फेऱ्यांनी फिरली की तिच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ २९ मीटर होतो. साध्या व्ही-पट्ट्याची आणि ओतीव लोखंडाच्या पुलीची मर्यादा साधारण याच्या थोडीच पुढे असते. शिवाय गिअरपेटीचा आतला शाफ्ट पूर्वी १,८०० फेऱ्यांनी फिरत होता, तो आता ७,२०० फेऱ्यांनी फिरणार. ज्याने ती पेटी केली त्याने आत ग्रीस भरले, साधे बुश बसविले, आणि माळ्याच्या चालीसाठी ते पुरेसे होते. चौपट वेगात ते बुश तापणार. मोडीतून आणलेल्या पेटीचा तर भरवसाच नको.

यास्तव मी मुलांना मधला मार्ग सुचविला. इंजिनावर ५ इंची, गिअरपेटीवर ४ इंची पुली. एकूण प्रमाण १३.६ येते आणि वेग ताशी साडेबावीस किलोमीटर. ओढ सव्वाशे किलोच्या आसपास राहते. पट्टा सेकंदाला २४ मीटरने धावतो. गिअरपेटीचा शाफ्ट ४,५०० फेऱ्यांवर. मुलांची तोंडे उतरली. साडेबावीस म्हणजे सायकल! पण बसायला जागा जमिनीपासून हातभर उंच, खाली इंजिनाची थरथर आणि पुढे वळण असले म्हणजे साडेबावीस पुष्कळ वाटतात, हे ते बसल्यावर त्यांना कळेल.

येथवर पुल्यांचे झाले. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावा असे मला मनापासून वाटले, तिच्याकडे येतो. ती म्हणजे गव्हर्नर.

वेग वाढविण्याचा दुसरा रस्ता इंजिनातून जातो. इंजिनाची शक्ती दोन रीतींनी वाढते. एक तर प्रत्येक फेऱ्यात अधिक हवा आणि अधिक पेट्रोल आत जाईल असे करावे, किंवा मिनिटाचे फेरेच वाढवावेत. पहिल्या रीतीत कार्ब्युरेटरची जेट मोठी करणे, हवेची वाट घासून गुळगुळीत करणे, सायलेन्सर मोकळा करणे असले उद्योग येतात. त्याने थोडेफार मिळते आणि आवाज मात्र खूप मिळतो. दुसरी रीत झटपट आहे. इंजिनाच्या बाजूला एक लहानशी दांडी आणि स्प्रिंग असते. ती स्प्रिंग ताणली, वा दांडी बांधून टाकली, की इंजिन ३,६०० वर थांबत नाही. पाच हजार, सहा हजार, जेथवर जाईल तेथवर जाते. ही दांडी गव्हर्नरची.

गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा कासरा. आत दोन लहान वजने शाफ्टबरोबर फिरतात. फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात आणि दांडीमार्फत पेट्रोलची वाट आवळतात. फेरे कमी झाले की स्प्रिंग ती वाट पुन्हा उघडते. आपल्या विहिरींवर पूर्वी जी डिझेल इंजिने धडधडत असत त्यांतही हेच होते. किर्लोस्करांचे पाच अश्वशक्तीचे एव्ही-१ इंजिन कित्येकांनी वापरले असेल. त्याला मिनिटाला १,५०० फेरे नेमून दिलेले, आणि पाणी भरभरून येवो वा फुटव्हॉल्व्ह सुटून पंप रिकामा फिरो, ते १,५०० च्या आसपासच राहणार. लिस्टर जातीची जुनी जाडजूड इंजिने तर ६०० ते ६५० फेऱ्यांवर चालत. शेताचे इंजिन एका चालीने दिवसभर राबावे म्हणून केलेले असते. कासरा काढला तर बैल मोकळा सुटतो, त्याची शक्ती वाढत नाही.

मी पंचविशीत असताना हा प्रयोग केला आहे. कारंजा नदीच्या काठी आमचा ऊस असे आणि हंगामात गुऱ्हाळ लागे. चरक डिझेल इंजिनावर, लांब पट्ट्याने चालायचा. त्या वर्षी आभाळ भरून आले होते, दोन आदणे बाकी होती, आणि मला घाई झाली. मी गव्हर्नरची स्प्रिंग दोन आटे आवळली. चरक खरोखरच भरभर फिरू लागला. वडील पाहून काही बोलले नाहीत, त्यांना वाटले मुलगा शिकला आहे. तासभर सर्व ठीक चालले. मग मोळी संपली. ऊस लावणारा गडी नवी मोळी आणायला वळला, चरक रिकामा झाला, आणि ओझे उतरताच इंजिनाने जो सूर धरला तो मला आजही ऐकू येतो. मी डिझेलच्या तोटीपर्यंत पोहोचलो नाही. कनेक्टिंग रॉड तुटला आणि क्रँककेसचे पोट फोडून बाहेर आला. लोखंडाचा एक तुकडा माझ्या चुलत भावाच्या कानाजवळून जाऊन मागच्या कुडात बसला. काहिलीतला रस रात्रीतून आंबला. इंजिन दुरुस्त व्हायला अडीच महिने लागले आणि त्या उन्हाळ्यात मोटेचे दिवस पुन्हा पाहावे लागले. वडिलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दोन दिवस ते कोणाशीच बोलले नाहीत एवढेच. चुलत भाऊ आता सत्तरीत आहे. भेटला की अजून कानाला हात लावून हसतो, पण मला हसता येत नाही.

असे का झाले, ते मुलांनी नीट समजून घ्यावे. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. दर फेऱ्यात दोनदा त्याला थांबवून उलट फिरवायचे काम कनेक्टिंग रॉडला करावे लागते. हा ओढा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दीडपट केले, तर रॉडवरील ताण सव्वादोनपट होतो. दुप्पट केले, तर चौपट. या लहान पेट्रोल इंजिनांत रॉड बहुधा ॲल्युमिनिअमचा असतो आणि पुष्कळदा त्याला वेगळी बेअरिंगसुद्धा नसते. उभ्या शाफ्टच्या इंजिनात खाली तेलात बुडून फिरणारे पात्यांचे एक लहान चाक तेल उडविते आणि त्या शिंतोड्यांवर सारे इंजिन जगते. गाडी वेगाने वळली की तेल एका बाजूला जाते, ते चाक कोरडे फिरते. माळी कधी वेगाने वळत नाही, म्हणून कारखानदाराने त्याचा विचार केला नाही.

आणि फ्लायव्हील! इंजिनाच्या माथ्यावर हे जड चाक असते. त्यातच ठिणगीसाठी लोहचुंबक आणि गार करणाऱ्या हवेचे पंखे असतात. तेही फेऱ्यांच्या वर्गाने ताणले जाते. ओतीव चाकात कोठे केसासारखी भेग असली तर ३,६०० ला ते जन्मभर टिकेल आणि ६,००० ला एका क्षणात फुटेल. फुटले तर तुकडे चोहोकडे जातात, आणि बसणाऱ्याच्या गुडघ्यापासून ते हातभर अंतरावर असते. परदेशातील जे स्पर्धक गव्हर्नर काढतात ते आधी फ्लायव्हील आणि रॉड दोन्ही काढून फेकतात, त्या जागी एकसंध धातूतून कातलेले बसवितात, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक घालतात, मग फेरे वाढवितात. तो खर्च मूळ यंत्राच्या किमतीपुढे जातो. होंडा कंपनीचे असे एक यंत्र २०१४ मध्ये ताशी १८७ किलोमीटर धावले त्याची चित्रे मुलांनी मला दाखविली. मी त्यांना सांगितले, त्यात एक हजार घनसेंटिमीटरचे मोटारसायकलचे इंजिन होते. ती मोटारसायकलच, अंगावर हिरवळ-यंत्राचा सदरा घातलेली.

इंजिनाला हात न लावता केलेली शर्यत मिळमिळीत असते, असे कोणी म्हणेल. त्याला मी इंदूरजवळच्या पिथमपूरचे उदाहरण देतो. एसएईइंडिया ही वाहन-अभियंत्यांची संस्था २००७ पासून ‘बाहा’ नावाची स्पर्धा भरवीत आली आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका माणसाची, खडकाळ रानात चालणारी गाडी स्वतः आखून, स्वतः जोडून तेथे आणतात. महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कितीतरी महाविद्यालये त्यात उतरली. त्या स्पर्धेत अनेक वर्षे सर्वांना एकाच जातीचे, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे ३०५ घनसेंटिमीटरचे १० अश्वशक्तीचे इंजिन लावावे लागे आणि त्यात फेरफार करण्यास बंदी. ही कंपनी १९०८ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला निघाली, आणि हिरवळ कापायच्या यंत्रांची इंजिने हा तिचा मोठा व्यवसाय. म्हणजे इंजिन आपल्या मुलांच्या यंत्राच्याच कुळातले. सर्वांचे इंजिन सारखे, तर मग जिंकणारा कशावर जिंकतो? वजन कमी करण्यावर, चाकांच्या झोळीवर, आणि मुख्यतः इंजिनापासून चाकापर्यंत शक्ती नेण्याच्या मांडणीवर. तेथे बहुतेक गाड्यांना दोन फाकांच्या पुल्या असतात. फाका जवळ आल्या की पट्टा वर चढतो, दूर गेल्या की खाली उतरतो, आणि प्रमाण आपोआप बदलत जाते. सुरुवातीला भरपूर ओढ, पुढे वेग. आपल्या घरातील बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हेच आहे. १९८४ साली निघालेली कायनेटिक होंडा ज्यांनी चालविली त्यांना ते पट्ट्याचे वेळू-वेळू चढणे आठवेल, आणि योगायोग असा की ती स्कूटरही पिथमपूरलाच तयार होई. मुलांना मी म्हटले, मोडक्या स्कूटरची ही जोडी मिळाली तर पुढील वर्षी आपण ती लावून पाहू. हे वाक्य ऐकल्यापासून मात्र त्यांची तोंडे पुन्हा वर आली आहेत.

वेग मिळाला, आता थांबायचे आणि वळायचे. भगिनींनी उपस्थित केलेली शंका येथे आहे आणि ती खरी आहे.

या यंत्राचा ब्रेक म्हणजे गिअरपेटीच्या बाजूला एक लहान चकती. धावत्या गाडीत जी ऊर्जा असते ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ९ वरून साडेबावीसवर गेलो तर ब्रेकला सव्वासहापट काम, आणि ३६ वर गेलो तर सोळापट. आमच्या मातीवर फक्त मागच्या चाकांचा ब्रेक धरला तर ताशी ९ ला गाडी मीटरभराच्या आत थांबते, साडेबावीसला पाच मीटर लागतात, ३६ ला तेरा. मैदानाच्या कडेला लहान मुले उभी असणार. पाच आणि तेरा यांतील फरक मला पुरेसा आहे.

वळणाचेही तसेच. यंत्र अरुंद आणि उंच. दोन चाकांतील अंतर ८० सेंटिमीटर धरले आणि माणसासकट वजनाचा मध्यबिंदू ६० सेंटिमीटर उंच धरला, तर ताशी साडेबावीसला ६ मीटर त्रिज्येच्या आत वळले की ते उलटण्याच्या बेतात येते. ३६ ला तीच सीमा १५ मीटर. म्हणून या खेळातील लोक पहिल्यांदा यंत्र बुटके करतात. पुढचा आस उलटा बसवितात, लहान चाके घालतात, बैठक कापून खाली आणतात. मुलांनी बैठक ४ इंच खाली घेतली आहे, तरी मी वळण १२ मीटरचे आखायला सांगितले. पुढच्या चाकांच्या सुकाणूत चार बोटांची ढिलाई होती. माळ्याला ती कळतही नव्हती. वेगात ती गाडीला नागमोडी नेते, म्हणून दात झिजलेली पट्टी काढून सरळ दांड्या जोडाव्या लागल्या.

मागच्या दोन चाकांना पेटीत डिफरन्शियल आहे. शर्यतवाले ते वितळजोड करून बंद करतात, म्हणजे दोन्ही चाके सारखीच फिरतात. मातीवर त्याने पकड मिळते, पण वळताना एक चाक घसरत जाते आणि आसाला पीळ बसतो. मी ते करू दिले नाही. यावर मुले अजून नाराज आहेत. असोत.

ज्यांच्या घरी पॉवर टिलर आहे त्यांच्यासाठी जाता जाता एक सांगतो, कारण मुले सुट्टीत घरी गेली की असले प्रयोग टिलरवर करतात. टिलर वळविताना ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा खटका दाबतात, त्या चाकाची शक्ती तुटते आणि टिलर तिकडे वळतो. मागे भरलेली ट्रॉली असेल आणि घाटाचा उतार असेल, तर ज्या चाकाची शक्ती तुटली ते मोकळे सुटून पुढे पळते आणि टिलर उलट बाजूस वळतो. आपले बीदर पठाराच्या काठावर बसले आहे, खाली उतरणारे प्रत्येक रस्ते उताराचे आहेत. तेथे खटके वापरू नयेत, हँडलच्या जोराने आणि खालच्या गिअरने उतरावे.

आणखी दोन वस्तूंचा आग्रह मी धरला आहे. पहिली, मनगटाला बांधायची दोरी. पेट्रोल इंजिनाची ठिणगी बंद करायला एक तार लोखंडी अंगाला टेकवली की पुरते. त्या तारेच्या बटणाला दोरी बांधायची आणि दुसरे टोक चालविणाऱ्याच्या मनगटाला. तो पडला की दोरी निसटते, इंजिन बंद. परदेशातही ही दोरी सक्तीची आहे. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे ही सोय होत नाही, आणि म्हणूनच उदगीरच्या मुलांनी डिझेल इंजिन लावायचा बेत केला होता तो मी सोडायला लावला. दुसरी वस्तू म्हणजे पट्ट्याखाली पत्र्याची झाकण-पट्टी. तुटलेला पट्टा चाबकासारखा पायावर बसतो. हेल्मेटविषयी सांगायला नको.

गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येणार नाही, हेही लिहून ठेवतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणता येत नाही. मैदानापर्यंत ती ट्रॉलीतूनच न्यायची.

माझी शिफारस मी विश्वस्तांना कळविली आहे. गव्हर्नरच्या दांडीला तार घालून शिसे ठोकून मोहोर करावी, ती मोहोर शर्यतीच्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः पाहावी, आणि ती शाबूत असेल तरच गाडी रेषेवर यावी. बाकी पुल्या, पट्टा, बैठक, वजन यांत मुलांनी हवी तेवढी अक्कल लढवावी.

पाच इंची पुली गेल्या आठवड्यात कातून झाली. थोडी डुगडुगत होती, तिचा तोल काढायचे काम चालू आहे. चार इंची मिळाली नाही म्हणून दोन मुले हैदराबादला राणीगंजात गेली आहेत. मैदानाच्या उत्तरेकडील कडुनिंबापासून मी चुन्याने एक रेघ मारून ठेवली आहे आणि तिच्यापुढे बरोबर पाच मीटरवर दुसरी. येत्या रविवारी सकाळी सात वाजता ब्रेकची कसोटी आहे. ज्या भगिनींनी पत्र लिहिले त्यांना मुद्दाम बोलावणे गेले आहे. दुसऱ्या रेघेवर त्यांनीच उभे राहून पाहावे, असे मुलांचे म्हणणे होते. मी खुर्ची रेघेच्या बाजूला, दहा पावले दूर मांडायला सांगितली आहे.